लग्न एका राज्यात, संसार दुसऱ्या राज्यात

अमेरिकेत लग्नाचा कायदा देशाचा नसतो, राज्याचा असतो. वधूवरांचे किमान वय किती असावे, कोणत्या नात्यांत लग्न वर्ज्य, घटस्फोट मागण्याआधी किती काळ राज्यात राहिलेले असावे, हे पन्नास राज्ये आपापल्या विधिमंडळांत ठरवतात. परवाना मिळतो तो बहुतेक राज्यांत काउंटीच्या कचेरीतून. पण लग्न झाले त्याच राज्यात माणसे म्हातारी होतात असे नाही. नोकरी, शिक्षण, लष्करातली बदली, आजारी आईवडील अशा कारणांनी बिऱ्हाड हलते आणि एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो: एका राज्यात कायदेशीर झालेले लग्न सीमेपलीकडे लग्न राहते का? १७ मे २००४ रोजी मॅसॅच्युसेट्सने समलिंगी जोडप्यांना विवाहाचे परवाने द्यायला सुरुवात केली आणि २६ जून २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते सगळ्या देशाला बंधनकारक केले. मधल्या अकरा वर्षांत तेच दोघे बॉस्टनमध्ये विवाहित होते आणि डॅलसमध्ये कायद्याने एकमेकांचे कोणीही नव्हते. या काळाची चर्चा बहुधा समलिंगी विवाह योग्य की अयोग्य याच अंगाने होते. त्या वादाइतकाच महत्त्वाचा एक धडा मात्र बाजूला राहतो. लग्न लावून देणे आणि लागलेले लग्न मानणे हे राज्याचे दोन वेगळे अधिकार आहेत. पहिल्यात राज्याला मोकळीक असावी असे एखाद्याचे मत असले, तरी तेवढ्यावरून दुसऱ्यातही ती द्यावी असे ठरत नाही. अमेरिकी न्यायालयांचा दीडशे वर्षांचा अनुभवही बराचसा याच बाजूला झुकतो.

यावर अनेकांना वाटते की प्रश्न राज्यघटनेनेच सोडवलेला आहे. अमेरिकी घटनेच्या चौथ्या अनुच्छेदात प्रत्येक राज्याने इतर राज्यांचे कायदे, नोंदी आणि न्यायालयीन निवाडे यांना पूर्ण विश्वासाने मान द्यावा असे म्हटले आहे. मग मॅसॅच्युसेट्सचे लग्न टेक्सासने मानायलाच हवे, यात वाद कसला? अडचण अशी की न्यायालयांनी या कलमाचा जोर सगळीकडे सारखा धरलेला नाही. न्यायनिवाड्यांच्या बाबतीत ते जवळजवळ अभंग आहे. नेवाडात सहा आठवडे राहून घटस्फोट घेता येत असे, आणि १९४२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नॉर्थ कॅरोलिनाला असे घटस्फोट मान्य करायला लावले. तिथला खरा अधिवास तपासण्याची वाट १९४५ मध्ये खुली ठेवली, एवढेच. लग्न मात्र न्यायनिवाडा नव्हे. दोन बाजू ऐकून कोणी निर्णय दिलेला नसतो, कचेरीने फक्त परवाना दिलेला असतो. परवाने आपोआप सीमा ओलांडत नाहीत. न्यूयॉर्कची सनद असलेला वकील तेवढ्या बळावर टेक्सासच्या न्यायालयात उभा राहू शकत नाही, आणि त्यात घटनाभंग झाला असे कोणी म्हणत नाही. त्यामुळे परराज्यातल्या लग्नाची मान्यता घटनेच्या कलमापेक्षा न्यायालयांनी परंपरेने पाळलेल्या एका नियमावर टेकलेली होती: जिथे लागले तिथे लग्न वैध असेल तर ते सगळीकडे वैध. त्याला अपवाद एकच. ते लग्न राज्याच्या ठाम सार्वजनिक धोरणाला धक्का देणारे असेल तर राज्य ते नाकारू शकते.

हा अपवाद फार मोठा वाटतो. प्रत्यक्षात न्यायालये तो जपून वापरत आली. चुलत, मावस, आते, मामे भावंडांच्या लग्नाचे उदाहरण घ्या. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न रूढ आहे आणि रूढी असेल तिथे हिंदू विवाह कायदाही त्याला आडकाठी करत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मात्र अशा भावंडांना परवाना मिळत नाही. लुइझियाना त्यांपैकीच. तरीही इराणमध्ये झालेले असे एक लग्न २००८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने मान्य केले. राज्य असे लग्न स्वतः लावत नाही, म्हणून दुसरीकडे लागलेले लग्न त्याच्या मूलभूत धोरणाविरुद्ध आहे असे ठरत नाही, हा त्या निकालाचा रोख होता. याहून बोलके प्रकरण १९४८ चे. कॅलिफोर्नियात राहणारा दलीप सिंग बीर हा पंजाबी मनुष्य मृत्युपत्र न करता वारला आणि पंजाबातल्या त्याच्या दोन बायका वारसा मागू लागल्या. दोन बायका करणे कॅलिफोर्नियात गुन्हा. तरीही न्यायालयाने दोघींना मालमत्ता वाटून घेता येईल असे ठरवले, कारण त्या तिथे त्याच्याबरोबर नांदायची परवानगी मागत नव्हत्या. प्रश्न फक्त मेलेल्या नवऱ्याच्या पैशांचा होता. तेव्हा न्यायालयांपुढचा सवाल ‘हे लग्न आम्हाला पसंत आहे का’ असा नव्हता. ‘या लग्नाच्या आधारे आत्ता नेमके काय मागितले जात आहे आणि ते दिल्याने आमचे काय बिघडते’ असा तो होता.

वंशभेदाच्या काळातही ही रीत सगळीकडे मोडली नव्हती, आणि हा पुरावा मला सर्वांत वजनदार वाटतो. १८७७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक काळा पुरुष आणि एक गोरी स्त्री आरोपी म्हणून उभे होते. त्यांनी शेजारच्या साउथ कॅरोलिनात, जिथे तेव्हा असे लग्न वैध होते, लग्न केले, तिथे संसार केला आणि नंतर ते शार्लट गावी राहायला आले. नॉर्थ कॅरोलिनात असे लग्न निषिद्ध होते आणि न्यायमूर्तींनाही ते आवडत नव्हते, तरी बहुमताने त्यांनी जोडप्याला निर्दोष ठरवले. पुढच्याच वर्षी व्हर्जिनियाच्या न्यायालयाने उलट निकाल दिला, पण तिथली हकिगत वेगळी होती. ते जोडपे व्हर्जिनियाचेच होते आणि बंदी चुकवण्यासाठी वॉशिंग्टनला जाऊन लग्न करून परत आले होते. १९४८ मध्ये तर मिसिसिपीसारख्या राज्याने इलिनॉयमध्ये झालेल्या मिश्रवर्णीय लग्नातून आलेला वारसाहक्क मान्य केला. अँड्र्यू कॉपलमन या कायद्याच्या प्राध्यापकांनी अशा जुन्या निकालांवरून जोडप्यांचे चार प्रकार पाडले आहेत: कायदा चुकवायला बाहेर जाऊन लगेच परतणारी, लग्नानंतर स्थलांतर करून येणारी, केवळ वाटेत किंवा मुक्कामाला आलेली, आणि कधी न येता फक्त वारसा किंवा मालमत्तेपुरता संबंध येणारी. न्यायालये कठोर होत ती प्रामुख्याने पहिल्या प्रकाराशी. बाकीच्यांना बहुधा सवलत मिळे. रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग हे पहिल्या प्रकारात मोडणारे होते. १९५८ मध्ये वॉशिंग्टनला लग्न करून ते व्हर्जिनियात परतले आणि त्यांना शिक्षा झाली. १९६७ मध्ये त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वंशावर आधारलेली विवाहबंदीच घटनाबाह्य ठरवली आणि त्या बाबतीत चार प्रकारांचा भेद उरला नाही.

समलिंगी विवाहांच्या बाबतीत ही सगळी शिस्त बाजूला पडली. १९९३ मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांना परवाना नाकारण्यामागचे कारण राज्याने सिद्ध करावे असे म्हटले. एकाही जोडप्याला परवाना मिळालेला नसताना उरलेल्या राज्यांत धास्ती पसरली की लोक होनोलुलूला जाऊन लग्ने लावून परततील. तीन वर्षांत काँग्रेसने ‘विवाहसंरक्षण कायदा’ मंजूर केला, प्रतिनिधिगृहात ३४२ विरुद्ध ६७ आणि सिनेटमध्ये ८५ विरुद्ध १४ मतांनी, आणि २१ सप्टेंबर १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर सही केली. त्याच्या एका कलमाने राज्यांना परराज्यातली समलिंगी लग्ने नाकारायची मुभा दिली आणि दुसऱ्याने केंद्रीय कायद्यांपुरते लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री असे ठरवले. पाठोपाठ बहुसंख्य राज्यांनी स्वतःचे कायदे आणि घटनादुरुस्त्या केल्या. त्यांतला नवेपणा परवाना नाकारण्यात नव्हता, तो तर आधीही मिळत नव्हता. नवेपणा होता तो स्थायिक व्हायला आलेले, प्रवासी आणि दूरचे वारस यांना कायदा चुकवणाऱ्यांच्याच रांगेत उभे करण्यात. मॅसॅच्युसेट्सनेही सुरुवातीला १९१३ चा एक विस्मृतीत गेलेला कायदा काढून बाहेरच्या जोडप्यांना परवाने नाकारले. तो २००८ मध्ये रद्द झाला. उलट न्यूयॉर्कने २०११ पर्यंत स्वतः एकही परवाना दिला नाही, पण २००८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने कॅनडात झालेले समलिंगी लग्न मान्य केले. परवाना न देताही मान्यता देता येते आणि त्याने राज्य कोसळत नाही, हे न्यूयॉर्कने तीन वर्षे दाखवून दिले.

मान्यता नाकारल्याने काय होते, हे घटस्फोटाच्या प्रकरणांत विशेष उघडे पडले. मॅसॅच्युसेट्समध्ये लग्न करून टेक्सासमध्ये राहायला आलेल्या दोन पुरुषांनी विभक्त व्हायचे ठरवले. २०१० मध्ये डॅलसच्या अपील न्यायालयाने सांगितले की जे लग्न राज्य मानत नाही ते राज्याचे न्यायालय मोडूही शकत नाही. १९१३ चा कायदा रद्द झाल्यावर मॅसॅच्युसेट्समध्ये लग्न कोणीही करू शके, पण घटस्फोटासाठी तिथे पुन्हा राहायला जावे लागे. म्हणजे टेक्सासच्या दृष्टीने हे दोघे अविवाहित, आणि तरी दुसऱ्या लग्नासाठी मोकळे नाहीत. केंद्राच्या पातळीवर एडिथ विंडसर यांचे प्रकरण गाजले. टोरांटोला २००७ मध्ये लग्न केलेल्या त्यांच्या जोडीदार थिया स्पायर २००९ मध्ये वारल्या आणि केंद्राने विंडसर यांच्याकडून ३,६३,०५३ डॉलर वारसाकर घेतला. पती वारला असता तर एक पैसा लागला नसता. २६ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी केंद्राची ती व्याख्या रद्द केली. पण राज्यांची मुभा शाबूत राहिली आणि गोंधळ वाढला. आयकर खाते लग्न कुठे लागले ते पाहू लागले, तर सामाजिक सुरक्षेचे निवृत्तिवेतन अर्जदार कुठे राहतो यावर अवलंबून राहिले. एकाच घरातली दोन माणसे एका केंद्रीय कार्यालयात विवाहित आणि दुसऱ्यात अविवाहित ठरत होती.

जिम ओबर्गफेल आणि जॉन आर्थर यांचे प्रकरण याच खिंडीत सापडले. दोघे ओहायोतल्या सिनसिनाटीचे. आर्थर स्नायू निकामी करणाऱ्या असाध्य रोगाने अंथरुणाला खिळलेले. जुलै २०१३ मध्ये ते वैद्यकीय विमानाने मेरीलँडला गेले आणि धावपट्टीवर उभ्या विमानातच लग्न लावून परतले. ओहायोकडे त्यांची मागणी इतकीच होती की मृत्यूच्या दाखल्यावर आर्थर विवाहित होते असे लिहावे आणि हयात जोडीदार म्हणून ओबर्गफेल यांचे नाव यावे. जुन्या भाषेत हे कायदा चुकवणारे जोडपे, यात शंका नाही. पण जिल्हा न्यायाधीश टिमथी ब्लॅक यांनी नेमका मुद्दा पकडला. ओहायो स्वतः चुलत-मामे भावंडांची किंवा अल्पवयीनांची लग्ने लावत नाही, पण इतर राज्यांत लागलेली अशी लग्ने मानते. मग मान्यतेचा दरवाजा फक्त यांच्यासाठीच बंद का? २०१५ मध्ये हे प्रकरण केंटकी, मिशिगन आणि टेनेसीतल्या प्रकरणांसह सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा न्यायालयाने प्रश्न दोन काढले: राज्याने परवाना दिलाच पाहिजे का, आणि दुसरीकडे लागलेले लग्न मानलेच पाहिजे का. टेनेसीच्या प्रकरणातला एक अर्जदार लष्करातला सार्जंट होता. त्याचे न्यूयॉर्कमधले लग्न टेनेसीच्या सीमेवर संपत होते. पाच विरुद्ध चार मतांनी दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी आले, चौदाव्या घटनादुरुस्तीच्या आधारे. पहिल्याचा निकाल लागल्यावर दुसऱ्याचा वेगळा विचार करायची गरज फारशी उरली नाही, आणि त्यामुळेच दुसऱ्या प्रश्नाचे स्वतंत्र तर्कशास्त्र लोकांच्या नजरेतून निसटले.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप संघराज्याच्या तत्त्वाचा आहे. एका राज्याने परवाने दिले म्हणून उरलेल्या एकोणपन्नासांनी मान तुकवायची, तर राज्यांच्या स्वायत्ततेला अर्थ काय? मतदारांनी कौल देऊन केलेली घटनादुरुस्ती एका विमानाच्या तिकिटाने निकामी व्हावी? हा आक्षेप पोकळ नाही. कायदा चुकवण्यापुरते बाहेर जाणाऱ्या स्वतःच्याच रहिवाशांबद्दल राज्याला काही बोलण्याचा अधिकार आहे, हे जुन्या न्यायालयांनीही मानले होते. पण तो अधिकार पुढे ताणता येत नाही. मान्यता देणारे टेक्सास स्वतःचा कायदा बदलत नाही, स्वतःच्या कचेरीत कोणाला परवाना देत नाही. ते फक्त दुसऱ्या राज्याने केलेले काम उधळत नाही. उलट मान्यता नाकारणारे राज्य मात्र आपल्या मताची सत्ता मॅसॅच्युसेट्सच्या नागरिकावर, तो अपघाताने टेक्सासच्या इस्पितळात पोहोचला म्हणून, गाजवते. स्वायत्तता दोन्ही राज्यांची असते. आणि लग्न तुटते तेव्हा ते फक्त त्या दोघांचे तुटत नाही. त्यावर विसंबलेली मुले, सावकार, विमा कंपन्या, मालक, वारस या सगळ्यांचे हिशेब कोलमडतात.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे: मृत्युपत्र करावे, मुखत्यारपत्र करावे, करारनामे लिहावेत, लग्नाच्या मान्यतेचाच हट्ट कशाला? कारण दोघांनी आपसांत केलेला करार तिसऱ्याला बांधत नाही. करमाफी, निवृत्तिवेतन, मुलाच्या जन्मदाखल्यावर नाव, या गोष्टी करारातून मिळत नाहीत. २०१५ नंतरही अर्कान्सासने समलिंगी जोडीदाराचे नाव जन्मदाखल्यावर घालायला नकार दिला. पुरुषांच्या बाबतीत मात्र पत्नीला दात्याच्या बीजापासून मूल झाले तरी पतीचे नाव आपोआप लागत होते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भेद खोडून काढला. दुसरीकडे जॉर्जियाच्या न्यायालयाने मंजूर केलेले दत्तकविधान अलाबामाने अमान्य केले, तेव्हा २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते एकमताने फिरवले, कारण दत्तकविधान हा न्यायनिवाडा होता. म्हणूनच आजही तिथले वकील विवाहित समलिंगी पालकांना, दाखल्यावर नाव असले तरी, न्यायालयातून दत्तकाचा हुकूम घेऊन ठेवायला सांगतात. उद्या बहुपत्नीत्वही मानावे लागेल, हा तिसरा आक्षेप. त्याचे उत्तर दलीप सिंग बीर प्रकरणातच आहे. न्यायालये मागणीपुरते पाहतात. एका हक्कापुरती मान्यता दिल्याने ती प्रथा राज्यात सुरू होत नाही.

२४ जून २०२२ रोजी गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द करणाऱ्या निकालात न्यायमूर्ती क्लॅरन्स टॉमस यांनी २०१५ च्या निकालाचाही फेरविचार व्हावा असे स्वतंत्र मतपत्रात लिहिले, आणि विसरलेला दुसरा प्रश्न पुन्हा वर आला. त्याच वर्षी १३ डिसेंबरला ‘विवाहसन्मान कायदा’ आला. सिनेटमध्ये ६१ विरुद्ध ३६ आणि प्रतिनिधिगृहात २५८ विरुद्ध १६९ अशी मते पडली. १९९६ मध्ये सिनेटर म्हणून जुन्या कायद्याच्या बाजूने मत देणाऱ्या जो बायडन यांनीच तो रद्द करणाऱ्या या कायद्यावर सही केली. लिंग, वंश किंवा मूळ देश यांच्या कारणाने कोणत्याही राज्याने दुसऱ्या राज्यातले दोघांचे लग्न नाकारू नये, आणि केंद्राने लग्न जिथे लागले तिथला कायदा पाहावा, असे तो सांगतो. धार्मिक संस्थांना लग्न लावून देण्याची सक्ती तो करत नाही. परवाना देण्याची सक्तीही राज्यांवर करत नाही, आणि त्याची मर्यादा इथेच आहे. तीसहून अधिक राज्यांच्या घटनांत किंवा कायद्यांत जुन्या बंद्या अजून लिहिलेल्या आहेत. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो आणि हवाईच्या मतदारांनी २०२४ मध्ये आपापल्या घटनेतला तसा मजकूर काढून टाकला, पण इतरत्र तो झोपलेला आहे. २०१५ चा निकाल उद्या गेला, तर प्रवासाचा खर्च आणि रजा परवडणारी जोडपी शेजारच्या राज्यातून लग्न करून येतील आणि त्यांचे लग्न टिकेल. ज्यांना ते परवडत नाही ती अविवाहित राहतील. मान्यता परवान्याची जागा घेऊ शकत नाही, हे इथे कबूल करावे लागते.

हा प्रश्न मराठी माणसापासूनही दूर नाही. विंडसर निकालानंतर अमेरिकेचे स्थलांतर खाते लग्न लागलेल्या ठिकाणचाच कायदा पाहते. त्यामुळे न्यू जर्सीत एच-वन-बी व्हिसावर काम करणाऱ्या एखाद्या भारतीयाच्या समलिंगी जोडीदारालाही एच-फोर व्हिसा मिळू शकतो. तेच दोघे पुण्याला परतले की कायद्याने परके होतात. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने विवाहाचा मूलभूत हक्क नाही असे ठरवले आणि विशेष विवाह कायद्यात किंवा १९६९ च्या परदेशी विवाह कायद्यात समलिंगी जोडप्यांसाठी बदल करायला नकार दिला. निर्णय संसदेवर सोडला गेला. पण संसदेपुढेही प्रश्न दोन आहेत, एक नव्हे. दुसऱ्याचे उत्तर शोधताना सीमा ओलांडून जाणारा कुटुंबकायदा आपल्याला अनोळखी नाही हेही लक्षात घ्यावे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या अधिवासी माणसाच्या मुंबईतल्या मालमत्तेलाही गोव्यातली पोर्तुगीज नागरी संहिताच लागू होते असे ठरवले, आणि त्यामुळे महाराष्ट्राच्या सार्वभौमत्वाला धक्का बसला असे कोणाला वाटले नाही. भारतात अशी लग्ने लावावीत का, यावर दीर्घ वाद होणार आणि तो व्हायला हवा. परदेशात कायदेशीर लग्न करून, मुले वाढवून, घर घेऊन आलेल्यांचे ते लग्न विमानतळावर संपवावे का, हा वेगळा प्रश्न आहे. पहिल्या वादाचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्याचे उत्तर अडवून धरायला अमेरिकेच्या अनुभवात कोणताही आधार सापडत नाही. वारसा, इस्पितळ आणि मुलांचा ताबा यांपुरती मर्यादित मान्यता देण्याची वाट मात्र तिथल्या न्यायालयांनी फार पूर्वीच चालून दाखवली आहे.